साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, खाली सही करणारा, धंद्याने फ्रेमवाला, वय वर्षे एकोणऐंशी, विधुर, मूलबाळ नसलेला, प्रभूवर पूर्ण आणि डॉक्टरांवर बेताचा विश्वास ठेवणारा, आज माझ्या माघारी काय कोणाचे व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा कान कामातून गेला आहे, पण मृत्युपत्र लिहायला कान लागत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून गुंडाळलेले नाही, औषध पाजून टेबलाशी आणून बसवलेले नाही. वकीलबाईंनी एक मसुदा करून दिला होता. तो कायद्याला धरून होता, पण वाचताना वाटत होते की मी आधीच गेलो आहे. म्हणून त्यातली कलमे ठेवली आणि वाक्ये माझी घातली. बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "चालेल. पण सहीच्या जागी काही गंमत करू नका."

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवलेच तर ते माझे नव्हे.

कलम पहिले. माझी माणसे.

माझी पत्नी प्रभूकडे गेली त्याला बरीच वर्षे झाली. ती असती तर हा कागद तिने समोर बसून लिहवून घेतला असता आणि निम्म्या जागेत आटोपला असता. मला सख्खा भाऊ एक, माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला या कागदात धाकटा म्हटले आहे. घरातही तेच म्हणतात, जरी त्याचे सगळे दात आता विकतचे आहेत. त्याची बायको ती माझी भावजय. त्यांची एकुलती एक मुलगी ती माझी पुतणी. दुकान अलीकडे तीच चालवते. मी खुर्चीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की मी चालवतो.

कलम दुसरे. शिडी.

अॅल्युमिनियमची घडीची शिडी माझी आहे. शेजारचे निवृत्त मास्तर ती एकदा पंखा पुसायला म्हणून घेऊन गेले, आणि आता तिच्यावर निळ्या रंगात त्यांची आद्याक्षरे आहेत. विचारले की म्हणतात, "ही माझीच हो. तुमची कुठेतरी हरवली असेल, नीट बघा." चांगल्या माणसाला म्हातारपणी शिडीपायी खोटे बोलावे लागू नये. म्हणून ती शिडी मी याद्वारे मास्तरांना देत आहे. म्हणजे ते जे म्हणतात ते माझ्या मरणाच्या दिवसापासून खरे होईल.

कलम तिसरे. मंडळीचा मोठा फोटो.

चर्चच्या वर्धापनदिनाला सगळ्या मंडळीचा एकत्र फोटो काढला होता. तो फ्रेम करायचे काम माझ्याकडे आले. काम घेऊन आले ते मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात. ते कधी बोटीवर नव्हते, त्यांचा आवाज तसा आहे. तेव्हा आमच्यात बोलणे नव्हते. का नव्हते ते पुढच्या कलमात येईल. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघून सांगितले, "डावीकडून जरा आत घ्या. कपाटावर मावली पाहिजे फ्रेम."

डावीकडे टोकाला एकच माणूस उभा होता, आणि तो मी होतो. गिऱ्हाईक सांगेल ते माप. मी स्वतःच्या हाताने माउंटचा, म्हणजे फोटोभोवती बसवायचा पुठ्ठा कापला आणि स्वतःला त्याच्याखाली बंद केले. काम चोख झाले. आजही त्या फ्रेमच्या कोपऱ्याला फट नाही.

माझ्या पश्चात पुतणीने ती फ्रेम उतरवून माउंट नव्याने कापून द्यावा. मजुरी घेऊ नये. कप्तानांनी विचारले तर सांगावे की आता कपाट मोठे आले आहे, जे खरे आहे. कप्तानांबद्दल माझ्या मनात राग नाही. थोडा आहे. तो जावा म्हणून मी रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. राग तिथल्या तिथे आहे, पण त्यांचे गुडघे बरेच सुधारल्याचे ऐकतो.

कलम चौथे. दुकान, आणि दुकानाला गाडी का नाही.

दुकान आणि त्यामागची कामाची खोली यात अर्धा हिस्सा माझा, अर्धा धाकट्याचा. माझा अर्धा हिस्सा पुतणीला. तिने विचारले होते, "मोठे काका, आपल्याकडे गाडी का नाही? मोठे आरसे हमाल लावून न्यावे लागतात." तिला मी तेव्हा उत्तर दिले नाही. बापाबद्दल काकाने सांगावे असे ते नव्हते. आता धाकट्याने स्वतःच सांगितले आहे, आणि इथे लिहायलाही परवानगी दिली आहे, म्हणून लिहितो.

आम्हाला गाडी होती. मी काच आणि फ्रेमची पट्टी कापायचो, धाकटा जोडायचा आणि माल पोचवायचा. त्या सकाळी एका नाचाच्या शाळेसाठी भिंतभर आरसा न्यायचा होता, म्हणून मीही शेजारी बसलो. आरसा धाकट्याने स्वतः बांधला होता. बाजाराच्या वळणावर मागे दोर करकरला. धाकट्याने मान वळवून मागे पाहिले. मी ओरडलो, "पुढे बघ!" तोवर गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली होती. तिथून टपालवाला सायकलवर येत होता, आपल्या बाजूने, घंटी वाजवत.

पत्रे रस्ताभर झाली. लोक धावले. टपालवाल्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आरशाला ओरखडासुद्धा पडला नाही.

धाकटा पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. टपालवाल्याला आम्ही दोघांनी मिळूनच उचलले. पण पोलिसांनी विचारले तेव्हा तो घाबरून बोलून गेला, की सायकल गल्लीतून एकदम आडवी आली. भीतीच्या भरात गेलेले पहिले वाक्य माणसाला पुढे ओढत नेते. दुसऱ्या दिवशी तो तेच बोलला, तिसऱ्या दिवशी वकिलाने ते नीट लिहून दिले, आणि मग ते खरे असल्यासारखे वागणे घरातल्या सगळ्यांना भाग पडले. तिकडे टपालखात्याने चौकशी लावली. चूक सायकलवाल्याची ठरली असती तर त्या माणसाचा पाय गेलाच होता, नोकरी आणि पेन्शनही गेली असती.

धाकट्याने मला एवढेच म्हटले, "दादा, तू माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. नुसता गप्प राहा."

आई जास्त स्पष्ट बोलली. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"कोर्टात काय सांगणार आहेस?"

"दिसलं ते."

"दिसलं नाही म्हण."

"आई, मी त्याच्या शेजारी बसलो होतो."

"मग डोळे मिटले होते म्हण. प्रार्थना करत होतास म्हण. कोण विचारायला येतंय?"

"ज्याची प्रार्थना करत होतो म्हणायचं, तोच विचारेल."

आईने भाजीची जुडी खाली ठेवली. "त्याची पोर अजून शाळेतसुद्धा जात नाही रे," ती म्हणाली. तेही खरेच होते. टपालवाल्याच्या घरीही दोन लहान होती, पण ते मी बोललो नाही. आईला ते ठाऊक होते. त्या दोघांसाठी ती रोज प्रार्थना करत होती, आणि त्यांच्या बापाला खोटे पाडायला मला सांगत होती. ती वाईट बाई नव्हती. आईला दोन लेक असले की तिचे असे हाल होतात.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारले, "तुम्ही आरोपीचे कोण?"

"मोठा भाऊ. सख्खा."

"गाडी कोणत्या बाजूला होती?"

"चुकीच्या."

"आणि सायकल?"

"तिच्या बाजूला."

"त्या वेळी आरोपी कुठे पाहत होता?"

मी धाकट्याकडे पाहिले. तो आपल्या चपलांकडे पाहत होता. "मागे," मी म्हणालो. "आरशाकडे."

धाकट्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. गाडी विकली. आई त्याच दिवशी आपली पेटी घेऊन माझ्या घरातून निघाली आणि भावजयीकडे राहायला गेली. मी घरी येऊन अंधार पडेपर्यंत एका जागी बसून राहिलो. पत्नी मला बराच वेळ बसू देऊन मग म्हणाली, "खरं बोललात, बरं केलंत. पण ते एका दिवसाचं होतं. आता रोजचं आहे. त्यांच्याकडे दूध धाकटे भाऊजी आणायचे. उद्या कोण आणणार?"

पुढच्या रविवारच्या आधी पाळकसाहेब दुकानात आले. त्यांना माझ्यावर प्रवचन करायचे होते. मी उपासनेत उभे राहावे, म्हणजे तरुणांना नीतिमान माणूस कसा असतो ते दिसेल, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, "साहेब, मी उभा राहिलो तर माझी आई उठून जाईल. आम्हा दोघांतलं कोण चर्चमध्ये हवंय तुम्हाला?" ते समजदार होते. त्या रविवारी त्यांनी दुसराच विषय घेतला. तरी नाव पडायचे ते पडलेच. अर्धी मंडळी मला कौतुकाने नीतिमान म्हणू लागली आणि अर्धी टोमण्याने. कप्तानांनी तर पायरीवर उभे राहून सांगितले, की याने भावाला आत घातला आणि दुकान गिळले. धाकट्याचा वाटा महिन्याच्या महिन्याला त्याच्या घरी जात होता. तो उपकार नव्हता, त्याचाच होता, म्हणून मी कुणाला सांगत बसलो नाही.

कलम पाचवे. बचत.

माझ्या नावावर बँकेत जे काही निघेल त्यातून आधी दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते मंडळीला, एकाच कामासाठी. ते काम कळावे म्हणून पुढचे लिहितो.

शिक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध, पाव आणि थोडी भाजी पिशवीत घालून धाकट्याच्या दाराची कडी वाजवली. भावजयीने दार उघडले, मला पाहिले आणि लावले. मी पिशवी कडीला अडकवून आलो. दुकान उघडायला गेलो तर तीच पिशवी माझ्या शटरच्या कुलपाला लटकत होती, दुधासकट. माझ्या आधी पोचली होती. रागात माणूस भराभर चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. माझा जीव मेटाकुटीला आला. पत्नीला म्हटले, "मी काय चूक केली म्हणून हे?" ती म्हणाली, "चूक केली असती तर एकदा माफी मागून सुटला असता. बरोबर केलंय, म्हणून रोज जावं लागतंय." आणि दुसरी पिशवी हातात दिली.

मग एक दिवस दार पुतणीने उघडले. ती एवढीशी होती. बोटभर फट ठेवून ती हळूच म्हणाली, "मोठे काका, आईला दूध हवंय. पण ती तुमच्याशी बोलणार नाही. तर तुम्ही पण बोलू नका."

मी मान हलवली. त्या दिवसापासून पिशवी परत आली नाही. धाकटा सुटून घरी येईपर्यंत मी रोज गेलो आणि एक शब्दही बोललो नाही. बोलका माणूस मी. मला ते दुधापेक्षा जड गेले.

नीतिमत्त्व हे प्रभूचे, आणि ते त्याने आम्हाला फुकट दिले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मानतो. त्याची रोजची हमाली मात्र आमच्या वाट्याची असते, हे मला त्या दारात कळले.

तर काम असे : मंडळीत असो वा नसो, ज्या घरातला माणूस तुरुंगात आहे त्या घरी रोज दूध जावे. कोणी केले, काय केले, विचारू नये. सोबत पत्रक नको, बायबलचे वचन नको, मंडळीचे नाव छापलेली पिशवी तर नकोच. कडीला अडकवावे आणि निघून यावे. पिशवी परत आली तर तिच्यात अपमान शोधू नये; दुसऱ्या दिवशी दूध ताजे घ्यावे, एवढेच. ही व्यवस्था पाळकांनी पाहावी. कप्तानांना मदतीला घ्यावे. त्यांचे गुडघे आता बरे आहेत.

कलम सहावे. आईच्या वस्तू.

आईचे शिवणयंत्र भावजयीकडे आहे, ते तिथेच राहू द्यावे. माझ्याकडे आईचे काही नाही, कारण ती गेली तेव्हा सगळे घेऊनच गेली होती. फक्त एक छत्री आहे. ती पुतणीने घ्यावी.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीबाहेर जाऊन बसू लागलो. धाकटा तोवर सुटून आला होता. मी आलो की तो गच्चीवर जायचा. भावजय चहा आणून माझ्यापुढे ठेवायची आणि भिंतीला सांगायची, "गरम आहे." आई माझ्याशी बोलली नाही. मी उंबऱ्यापाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो, जणू स्वतःसाठी. मी एखादी ओळ गाळली की आतून खोकल्याचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी पाऊस लागला आणि मी उठलो. तेव्हा आई पुतणीला म्हणाली, "त्याला सांग, छत्री ने म्हणावं. भिजला की त्याची छाती भरते." पुतणी छत्री घेऊन आली. मी घेतली. दोन आठवड्यांनी आई गेली. कोणी म्हणेल, माफ न करताच गेली. मला तसे वाटत नाही. मला छत्री दिली होती.

कलम सातवे. काच कापायचा हिरा.

पितळी मुठीचा, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेला हा काच कापायचा हिरा आमच्या वडिलांचा. तो मी धाकट्याला द्यायचे ठरवले होते. कारण असे.

आई गेल्यावर काही महिन्यांनी, दुपारी दुकानात कोणी नसताना, धाकटा आत आला. सुटल्यापासून तो एका लाकडाच्या वखारीत काम करत होता आणि माझ्या दुकानासमोरून जायचे टाळत होता. त्याच्या हातात आईचा फोटो होता. तो गिऱ्हाईकाच्या बाजूला उभा राहिला.

"फ्रेम करायचीय."

"कुठे लावणार?"

"बाहेरच्या खोलीत, दारासमोर."

"तिथे दुपारचं ऊन येतं. रंग उडेल. डाव्या भिंतीला लाव."

"बरं."

मी पट्ट्यांचे नमुने पुढे ठेवले. त्याने एकही उचलला नाही. मग खाली बघूनच म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी मागे बघितलं होतं."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. पण मी माझ्या तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. म्हणून तुला सांगतोय."

इतकी वर्षे मी मनात पुष्कळ वाक्ये तयार करून ठेवली होती. त्यातले एकही कामाचे नव्हते. मी म्हटले, "काच तू कापतोस?"

तो आत आला. पहिली काच तडकली. मी दुसरी पुढे केली. ती त्याने एका रेघेत कापली, हलक्या हाताने, पूर्वीसारखी. आम्ही दोघांनी मिळून आई फ्रेममध्ये बसवली. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला आणि त्याने कामाचा एप्रन घातला.

टपालवाले तोवर माझे मित्र झाले होते. त्यांची नोकरी राहिली. टपालकचेरीत आत बसून पत्रे लावायचे काम त्यांना मिळाले. येता-जाता ते दुकानात टेकायचे. ते आले आणि धाकटा समोर, असे व्हायचे ते झालेच. धाकटा हातातली पट्टी तशीच धरून उभा राहिला. टपालवाल्यांनी त्याला आपादमस्तक पाहिले आणि विचारले, "हल्ली गाडी चालवता का?"

"नाही."

"मीही सायकल चालवत नाही. बसा."

धाकटा बसला. त्याने माफी मागितली ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, त्यांच्या घरी जाऊन. तिथे काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि दोघांनी सांगितले नाही. येताना धाकट्याचे डोळे लाल होते आणि हातात डबा होता.

कलम आठवे. राहते घर.

दुकानावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, सर्व सामानासह, पुतणीला. नळ उजवीकडे फिरवल्यावर बंद होत नाही, डावीकडे होतो. ते दुरुस्त करू नये, एका प्लंबरने केले होते तेव्हा आठवडाभर जिन्यातून पाणी वाहत होते. पत्नीचे लुगड्यांचे कपाट अजून भरलेले आहे. वेळेवर मोकळे करायला हवे होते. माझ्याने झाले नाही. ज्यांना उपयोग आहे त्यांना लुगडी द्यावीत, आणि भावजयीला एखादे आवडले तर तिला मी जिवंत असतानाच न्यायला सांगितले आहे. तिने हिरवे नेले.

कलम नववे. दफन.

साधी पेटी. पत्नीशेजारी. फुलांचा खर्च माफक. फोटो लावायचाच असेल तर फ्रेम आपल्या दुकानातली, आणि कोपरे तपासून. दगडावर नाव आणि वर्षे एवढेच. नीतिमान हा शब्द लिहू नये. पाळकांना मोह होईल, त्यांना आवरावे. तो शब्द मला आयुष्यभर अर्ध्या लोकांकडून एका अर्थाने आणि अर्ध्यांकडून दुसऱ्या अर्थाने ऐकावा लागला. आता ज्याचा तो आहे त्याच्या तोंडून काय ते ऐकेन.

कलम दहावे. साक्षीदार, आणि त्यामुळे झालेली खाडाखोड.

वकीलबाई काल घरी आल्या तेव्हा धाकटा आणि भावजय इथेच होते. बाई म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला आणि त्याच्या बायकोला या कागदातून काही मिळत नाही. तेव्हा दोन परकी माणसं बघा."

धाकटा म्हणाला, "मग मला काही नको. मी सही करतो."

"अरे, हिरा तुला लिहिलाय," मी म्हणालो. "वरची खोली तुम्हा दोघांना राहायला लिहिलीय."

"खोडून टाक."

"साक्षीदार काय, कुणीही मिळेल. शेजारी मास्तर आहेत."

"मास्तरांना शिडी दिलीस. ते बाद."

वकीलबाईंना हसू आवरेना. मी म्हटले, "हट्ट कसला करतोस?"

धाकट्याने टेबलावरचे पेन उचलले. मग म्हणाला, "दादा, कोर्टात तू पिंजऱ्यातून खाली उतरलास तेव्हा तुझे पाय लटपटत होते. तू कठड्याला धरलंस. मी बघत होतो. तेव्हा मी समोरच्या बाजूला होतो. तुला हात द्यायला कुणी नव्हतं. या वेळी मला शेजारी उभं राहू दे."

मी भावजयीकडे पाहिले, कारण तिचेही जात होते. ती कपबशा गोळा करत होती. "मला काय मिळणार होतं?" तिने विचारले. या वेळी भिंतीला नाही, मला.

"वरची खोली."

"माझी लेक मला खोलीबाहेर काढणार आहे का? करू दे सही. नाहीतर तुम्ही दोघं अजून वीस वर्षं यावरून बोलणार नाही."

म्हणून कलम आठमधली वरच्या खोलीची ओळ खोडली, आणि कलम सातमधला हिरा आता पुतणीचा. तिच्या बापाने तो वापरायला मागितला तर तिने द्यावा. मागितला नाही तरी टेबलावर त्याच्या बाजूला ठेवावा. कायद्याचे यावर काही म्हणणे नसावे.

दुसरे साक्षीदार टपालवाले. त्यांनाही मग काही देता येत नाही. दुकानातली उंच पाठीची खुर्ची त्यांना द्यायची होती, ती परवाच त्यांच्या घरी पोचवली. हमाल लावून.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि जिथे खोडले तिथे शेजारी सही केली आहे. मागे राहणाऱ्यांनी भांडू नये. भांडलेच तर सकाळी दुधाच्या वेळेआधी मिटवावे.

ठिकाण : राहते घर, दुकानाच्या वर, गॅलरीजवळचे टेबल.
दिनांक : नऊ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ.

(सही)
मृत्युपत्र करणार, फ्रेमवाला

साक्षीदार : मृत्युपत्र करणाऱ्याने वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि माझ्यादेखत सही केली. शिडीचे कलम वाचताना ते थांबून हसले, बाकी सर्व एका दमात वाचले.
(सही)
निवृत्त टपालवाला

साक्षीदार : माझ्या मोठ्या भावाने शुद्धीवर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या इच्छेने या कागदावर सही केली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझे डोळे उघडे होते. जे पाहिले तेच लिहिले आहे.
(सही)
धाकटा भाऊ